हजेरी पूर्ण, शाळा अर्धी

आपल्या शाळांमध्ये एक चोरी राजरोस चालते आणि तिची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. ही चोरी वेळेची आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळतो. पटावर नाव लागते. सकाळी हजेरी घेतली जाते. मग मधल्या सुट्टीच्या आधी, फार तर खिचडी खाऊन झाल्यावर, त्याच्या आईला फोन जातो, "आज ऐकत नाहीये, घेऊन जा." महिना-दोन महिन्यांनी फोनचीही गरज उरत नाही. "त्याला एवढंच झेपतं, रोज दोन तास बसवत जा," असे तोंडी ठरते. ना कागद, ना सही, ना मुदत. बाकीचा वर्ग दुपारपर्यंत शिकतो आणि हे मूल दहा वाजता घरी असते. हजेरीपटावर मात्र ते त्या दिवशी 'हजर'.

पालक गप्प बसतात, कारण ते आधीच चार शाळांच्या पायऱ्या झिजवून आलेले असतात. चार ठिकाणी नकार ऐकल्यावर पाचवीने घेतले, म्हणजे उपकारच झाले असे त्यांना वाटते. शाळेलाही तसेच वाटते. उपकार करणाऱ्याकडे हिशेब कोण मागणार?

माझे म्हणणे सरळ आहे. हिशेब मागायचा. प्रवेश म्हणजे शिक्षण नव्हे, शिक्षण तासांत मिळते. त्या इयत्तेतल्या बाकी मुलांना जितके तास, तितकेच या मुलाला. कमी करायचे असतील तर मुलाच्या गरजेसाठी, पालकांच्या लेखी संमतीने, आणि ती संमती कधीही मागे घेता येईल अशा बोलीवर. शाळेच्या सोयीसाठी एक मिनिटही नाही. ही मागणी जशी सरकारी शाळांकडे करायची तशीच, किंबहुना अधिक जोराने, आपल्या ट्रस्ट-सोसायट्यांनी चालवलेल्या शाळांकडे करायची.

अडीच वर्षे गेली कुठे?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेने वर्षभरात किती शिकवायचे हे आकड्यांत दिले आहे. पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास. सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे प्राथमिकच्या मुलाला दिवसाला सरासरी चार तास अध्यापन मिळायला हवे.

आता रोज दोन तासांनी घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलाचा हिशेब करा. वर्षाला ४०० तास गेले. पहिली ते पाचवीत २००० तास गेले. ८०० तासांचे एक वर्ष धरले, तर हे मूल पाचवी संपवते तेव्हा त्याला अडीच वर्षांचीच शाळा मिळालेली असते. त्यानंतर तीच शाळा आईला बोलावून सांगते, "पाचवीत आला तरी वाचता येत नाही. आमच्याकडून होणार नाही, विशेष शाळा बघा." अडीच वर्षे शाळेने काढून घेतली आणि ठपका मुलाच्या मेंदूवर ठेवला.

शिवाय जे तास जातात ते कसले असतात तेही बघा. मधली सुट्टी जाते, खेळाचा तास जातो, चित्रकला जाते, स्नेहसंमेलनाची तालीम जाते. मुलाला मित्र जिथे मिळतात नेमके तेवढेच तास कापले जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम १६ सांगते की शाळेने दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि शिक्षणाबरोबर खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची. 'इतरांच्या बरोबरीने' या शब्दांत घड्याळही येते. अर्ध्या वेळेत बरोबरी होत नाही.

जे मोजत नाही ते दिसत नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. ज्या माहितीसाठी तक्त्यात रकाना नाही, ती गोष्ट यंत्रणेच्या दृष्टीने घडलेलीच नसते.

शाळांची देशभरची माहिती 'यूडायस प्लस'वर जमा होते. त्यात विशेष गरजा असलेली किती मुले पटावर आहेत, कोणत्या प्रकारची दिव्यांगता आहे, शाळेत रॅम्प आहे का, हे भरले जाते. ते मूल रोज किती वाजता घरी जाते हे विचारणारा रकाना नाही. हजेरीपटावर दिवस मोजला जातो, तास नाही. त्यामुळे वर्षभर दोन तास शाळेत बसलेले मूल आणि वर्षभर पूर्ण वेळ बसलेले मूल कागदावर एकसारखे दिसतात. केंद्रप्रमुखाला त्यात काही खटकत नाही, गटशिक्षणाधिकाऱ्याला खटकत नाही. सरकारी अहवालात 'समावेशित शिक्षण' यशस्वी होते.

शाळेसाठी ही सोयीची पळवाट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. दाखला काढता येत नाही म्हणून तास काढले जातात. मूल पटावर राहते, पटसंख्या टिकते, आणि वर्गातली 'कटकट' दहा वाजता घरी जाते.

दुसरी पळवाट 'गृहाधारित शिक्षणा'ची. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. हा हक्क मुलाचा आहे. शाळेला झेपत नाही म्हणून मुलाला घरी बसवण्याचा परवाना शाळेला मिळालेला नाही. व्यवहारात मात्र विशेष शिक्षक आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी घरी येऊन तासभर बसून गेला, की त्यालाच शाळा म्हणायचे. आपल्या धडधाकट मुलाला कुणी आठवड्याला दोन तासांची शाळा दिली तर आपण काय म्हणू?

शाळांची तीन उत्तरे

हा प्रश्न विचारला की तीन उत्तरे ठरलेली असतात.

पहिले उत्तर, "बाकीच्या मुलांचं नुकसान होतं." वर्गात एक मूल ओरडते तेव्हा बाकीच्यांचे लक्ष उडते, हे खरे आहे. चाळीस मुलांसमोर एकट्या उभ्या असलेल्या शिक्षिकेची अडचण मी खोटी मानत नाही. पण वर्गात अडचण आली की सगळ्यात दुबळ्या मुलाने आपला वेळ सोडून ती सोडवायची, हा न्याय कुठला? दोन हुशार मुले मारामारी करतात तेव्हा वर्षभरासाठी दोघांचे तास निम्मे होतात का? छप्पर गळते तेव्हा शाळा छपराला डागडुजी करते, पाणी पडते त्या बाकावरच्या मुलाचे नाव कमी करत नाही.

दुसरे उत्तर, "आमच्याकडे विशेष शिक्षक नाही." हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच ते सरकारला सुनावले पाहिजे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिले. प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला पंधरामागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना पदे जाहीर करा आणि भरा असे बजावावे लागले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४८६० विशेष शिक्षक पदांना मंजुरी दिली. राज्यात शाळा एक लाखाहून जास्त आहेत. भागाकार केला तर एका पदामागे वीसहून अधिक शाळा येतात. तो शिक्षक एका शाळेत महिन्यातून किती वेळा पोहोचेल? तेव्हा शाळांची तक्रार रास्त आहे. पण ज्या मुख्याध्यापकांकडे शिक्षक नाही, त्यांनी तसे पत्र गटशिक्षणाधिकाऱ्याला पाठवले का? बहुतेक वेळा पत्र जात नाही, फोन जातो, आणि तोही आईला. सरकारची उणीव शाळा आईच्या पदरात टाकते, आणि सरकारला ती उणीव कळतही नाही.

खासगी इंग्रजी शाळांत याच उत्तराची महाग आवृत्ती मिळते. "शॅडो टीचर तुमच्या खर्चाने ठेवा, नाहीतर दोनच तास." कलम १६ मुलाच्या गरजेनुसार वैयक्तिक आधार देण्याची जबाबदारी शाळेवर टाकते. ती पैशांत मोजून पालकांच्या हातात देण्याची मुभा त्यात नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या मुलाला पूर्ण दिवस, बाकीच्यांना निम्मा, हा हक्क नव्हे, दरपत्रक आहे.

तिसरे उत्तर सगळ्यात फसवे आहे. "त्यालाच बसायचं नसतं हो." माझ्या आपाचा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या शाळेचे नाव इथे लिहीत नाही, कारण अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. पहिलीत तो आवाज वाढला की कान झाकून ओरडायचा. ओरडला की फोन, फोन गेला की आपा रिक्षा करून हजर, आणि तो घरी. शाळेने त्याला अक्षरे शिकवायच्या आधी एक धडा पक्का शिकवला. ओरडले की सुटका होते. दुसरीत तो शाळेच्या फाटकापासूनच ओरडू लागला. शाळा म्हणाली, बघा, त्रास वाढला, आता एकच तास. मुलाचा स्वभाव बिघडला नव्हता. त्याला त्या गोंगाटात नेमके काय सहन होत नाही हे कुणी पाहिले नाही, त्याला दहा मिनिटे शांत बसायला कोपरा दिला नाही, पुढे काय होणार हे चित्रांत दाखवले नाही. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. सगळ्या उपायांत शाळेला एकच उपाय सुचला, घरी पाठवणे, आणि त्याच उपायाने दुखणे वाढले.

आपा शिवणकाम करायची. फोन कधी येईल याचा नेम नाही म्हणून तिने मोठ्या ऑर्डरी घेणे सोडले. आपल्या मोहल्ल्यांत अशा किती आया आहेत ते जरा मोजा. शाळेच्या ओट्यावर, जिन्याखाली, समोरच्या दुकानाच्या फळीवर मोबाइल हातात धरून बसलेल्या. मुलाचे दोन तास आणि आईचा अख्खा दिवस, अशी ही किंमत आहे. बापाला फोन सहसा जात नाही.

आपल्या शाळा, आपली ढाल

आता घरातले बोलू. आपल्यातले अनेक जण उर्दू माध्यमाच्या किंवा मुस्लिम ट्रस्टच्या शाळांत शिकले. वंचित समाजाला या शाळांनी हात दिला, मुलींना मॅट्रिकपर्यंत नेले. त्यांचे ऋण मानूनच हे लिहितो आहे.

संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्याच आधारावर २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठेवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. मूळ वाद शिक्षकांच्या टीईटीचा होता. पण आपल्या संस्थाचालकांत त्यावरून जी चर्चा कानावर आली, ती सगळी 'आपल्यावर आणखी एक बंधन' याच सुरात होती. त्या शाळांतल्या दिव्यांग मुलाला किती तास मिळतात, यावर मी एकही वाक्य ऐकले नाही.

काही संस्थाचालक आजही सांगतात, "आरटीई आम्हाला लागू नाही." नसेल. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचे कलम १६ सरकारी निधी घेणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या सर्व शिक्षणसंस्थांबद्दल बोलते. अल्पसंख्याक संस्थांना वगळणारा शब्द त्या कलमात नाही. आणि घटकाभर धरून चालू की कुठलाच कायदा लागू नाही. मग आपण काय करणार? कलम ३० हे बहुसंख्येच्या दडपणापासून समाजाला वाचवण्यासाठी मिळालेले कवच आहे. तेच कवच आपण आपल्याच मोहल्ल्यातल्या सहा वर्षांच्या मुलापुढे ढाल म्हणून धरणार असू, तर समतेची भाषा बोलण्याचा हक्क आपण गमावतो. संख्येने कमी असलेल्याला त्याचा पूर्ण वाटा मिळाला पाहिजे, हेच आपण या देशाला रोज सांगत असतो. वर्गात संख्येने कमी कोण असते?

आपल्या मुलांची एक जादा अडचणही आहे. घरी दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या, आधीच उशिरा बोलू लागलेल्या मुलाला 'विशेष शाळा बघा' म्हणून दुसऱ्याच माध्यमाच्या शाळेत धाडले जाते. जी काही मोजकी वाक्ये त्याने कमावली असतात, ती तिथे कुणाला कळत नाहीत. आपल्या भाषेतली शाळा त्याला अर्धा दिवसच ठेवून घेते, आणि जी पूर्ण दिवस ठेवते तिला त्याची भाषा येत नाही. म्हणून आपल्या शाळांची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

सब्र कुणी करायचा?

या सगळ्यावर मोहल्ल्यात एक उत्तर तयार असते. "अल्लाहची आजमाइश आहे, सब्र करा." आजमाइश असेल, पण ती फक्त त्या आईचीच का? मशिदीच्या कमिटीची नाही? शाळेच्या ट्रस्टींची नाही? शेजाऱ्यांची नाही? घरातले दिव्यांग मूल पाहुण्यांपासून लपवणे, बहिणीला स्थळ येणार नाही म्हणून प्रमाणपत्र न काढणे, आणि मूल मुलगी असेल तर शाळेचे नावच न काढणे, या गोष्टी आपल्यात चालतात. शाळेने दहा वाजता पाठवलेल्या मुलाला मोहल्ला अकरा वाजता दार लावून आत बसवतो.

सूरह अबस या बाबतीत फार स्पष्ट आहे. पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलत होते. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम हे अंध सहाबी काही शिकण्यासाठी तिथे आले आणि बोलण्यात खंड पडला. पैगंबरांच्या कपाळावर आठी आली, त्यांनी तोंड फिरवले. या एवढ्याशा गोष्टीवर कुरआनात समज दिली गेली. जो शिकण्याच्या ओढीने धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आणि ज्यांना गरज वाटत नव्हती त्यांच्यावर लक्ष दिले गेले, हा त्या समजेचा आशय आहे.

नीट पाहिले तर तिथला प्रश्न वेळेचाच आहे. वेळ कुणाला द्यायचा, निकाल लावणाऱ्या बड्यांना की शिकायला आलेल्या अंध माणसाला? आपल्या शाळांनी उत्तर उलटे ठरवले आहे. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लागतो, त्यासाठी जादा तास घेतले जातात, आणि ते तास ज्यांचे कापले त्यांचा फोटो कुठल्याच फ्लेक्सवर नसतो. पुढे काय झाले तेही विसरू नये. पैगंबरांनी इब्ने उम्मे मक्तूम यांना आदराने वागवले. ते मदीनेत अजान देत. पैगंबर मोहिमेवर जात तेव्हा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. दया दाखवून कोपऱ्यात बसवले नाही, काम दिले.

आपण काय देतो? रमजानमध्ये जकातीतून चाकाची खुर्ची देतो आणि देताना फोटो काढतो. ती खुर्ची शाळेच्या ज्या पायरीशी अडते, ती पायरी तोडायला कुणी वर्गणी काढत नाही. मकतबमध्ये तरी हे मूल दिसते का? तिथेही "घरीच शिकवा" हेच ऐकायला मिळते.

पालकांनी काय मिळवले

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, आणि तो सुटत नाही असेही नाही. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. तरीही ओरेगन राज्यात शाळा अशा मुलांना तासा-दोन तासांनी घरी पाठवत राहिल्या. २०१९ मध्ये चार मुलांच्या कुटुंबांनी राज्याच्या शिक्षण खात्याविरुद्ध दावा लावला. पालक विधिमंडळापुढे जाऊन साक्षी देत राहिले. २०२३ मध्ये तिथे सिनेट बिल ८१९ मंजूर झाले.

त्या कायद्याची रचना आपण शिकण्यासारखी आहे. त्याने आधी व्याख्या केली. त्याच इयत्तेतल्या बहुसंख्य मुलांना जितके तास मिळतात त्याहून कमी तास मिळाले, तर तो 'तोकडा शाळेचा दिवस'. मग अट घातली. पालकांनी सगळे समजून घेऊन लेखी संमती दिल्याशिवाय तोकडा दिवस लादता येणार नाही. आणि संमती मागे घेतली तर शाळेच्या पाच दिवसांत मुलाला पूर्ण वेळ परत द्यायचा. फोनवरच्या 'घेऊन जा'ला या कायद्याने कागदावर आणले, आणि कागदावर आलेली गोष्ट मोजता येते.

आपल्याकडे दोन चांगले कायदे आहेत, पण 'तोकडा दिवस' ही व्याख्या नाही. म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात.

एक, विशेष गरजा असलेल्या मुलाची येण्याची आणि जाण्याची वेळ हजेरीपटावर रोज लिहिली जावी, आणि वर्षाचे एकूण तास 'यूडायस'मध्ये भरले जावेत.

दोन, पालकांच्या लेखी संमतीशिवाय वेळ कमी करू नये. काही मुलांना आजारपणात, थेरपीसाठी, नव्या शाळेत रुळेपर्यंत काही आठवडे कमी वेळ खरोखरच लागतो. तसे असेल तर कारण, पूर्ण वेळ कधीपासून आणि तोवर शाळा काय करणार, हे तिन्ही त्या कागदावर असावे.

तीन, विशेष शिक्षक नसेल तर मुख्याध्यापकांनी तसे लेखी कळवावे आणि त्याची प्रत पालकांना द्यावी.

चार, आपल्या ट्रस्टच्या शाळांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता हे तीनही नियम स्वतःहून लागू करावेत. जकात-सदक्यातून जे शैक्षणिक फंड चालतात, त्यांनी शिष्यवृत्त्यांबरोबर निदान एका विशेष शिक्षकाचा पगार उचलता येईल का, हे आपल्या उलेमांना विचारून ठरवावे.

हे होईपर्यंत पालकांनी एक वही ठेवावी. तारीख, शाळेत सोडल्याची वेळ, घरी आणल्याची वेळ, कुणी बोलावले, कारण काय सांगितले. फोनवर बोलावले तर त्याच दिवशी शाळेला मेसेज टाकावा, "आज दहा वाजता तुम्ही बोलावले म्हणून मुलाला नेले." भांडण नको, नोंद हवी. महिनाभराची वही घेऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर, शाळेला शिक्षण हक्क कायदा लागू असेल तिथे कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि पुढे राज्याच्या बाल हक्क आयोगाकडे दाद मागता येते. शाळा कुठलीही असली तरी दिव्यांग कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे दार आहे. एकट्या आईचा अर्ज फायलीत पडतो. एकाच मोहल्ल्यातून दहा आयांच्या दहा वह्या गेल्या की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

आणि आपण, म्हणजे हे वाचणारे? आपल्यातले कुणी अकाउंट्समध्ये आहे, कुणी वकिली शिकते आहे, कुणी माझ्यासारखे दिवसभर कीबोर्ड बडवते. शासन निर्णय वाचता येतो, मराठीत अर्ज लिहिता येतो, कचेरीत बोलता येते. ज्या आईला हे येत नाही तिच्यासाठी शनिवारी एक तास काढणे फार नाही. मोहल्ल्यात असे एक घर तुम्हाला ठाऊक असणारच. तिथे जा, आणि सल्ला देऊ नका. दोनच प्रश्न विचारा. शाळा कितीला सुटते? तुमचे मूल कितीला घरी येते? दोन उत्तरांत जेवढे अंतर निघेल, तेवढी थकबाकी आपल्या सगळ्यांच्या नावावर आहे. ती मागून घ्यायची आहे, आणि आपल्याकडची द्यायचीही आहे.